काशीच्या राजाचा विलायती आड

स्टोक रो हे ऑक्सफर्डशर परगण्यातले खेडे चिल्टर्न नावाच्या टेकड्यांच्या माथ्यावर वसले आहे. लंडन इथून सुमारे 65 किलोमीटर, रेडिंग 14 आणि हेन्ली-ऑन-थेम्स 8. 2011 च्या जनगणनेत गावची वस्ती साडेसहाशेच्या आसपास भरली. आपल्याकडे एखाद्या बेताच्या लग्नाला एवढी माणसे येतात. नकाशा उघडला तर थेम्स नदी वॉलिंगफर्डहून दक्षिणेला रेडिंगकडे उतरताना दिसते आणि तिथून वळसा घेऊन हेन्लीकडे वर चढते. या वळशाच्या पोटात, तिन्ही अंगांनी नदीने वेढलेल्या उंचवट्यावर हे गाव बसले आहे. तीन बाजूंना थेम्स आणि गावात प्यायला पाणी नाही, ही स्टोक रोची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची मुख्य ओळख होती. पुढे ती एका सोनेरी हत्तीने पुसून टाकली.

गावाकडे चढणारे रस्ते दोन्ही बाजूंच्या बांधांमध्ये खोल रुतलेले आणि इतके अरुंद आहेत, की समोरासमोर आलेल्या दोन मोटारींपैकी एकीला मागे जावेच लागते. मागे कोणी जायचे हा प्रश्न सौजन्याने सोडवतात. पहिला हात उंचावून दुसऱ्याला पुढे बोलावतो, दुसरा पहिल्याला बोलावतो, आणि दोघेही आपापल्या जागी नम्रपणे उभे राहतात. लखनौच्या दोन नवाबांच्या ‘पहले आप’मध्ये गाडी सुटून गेली अशी गोष्ट सांगतात, चिल्टर्नमध्ये गाडी सुटत नाही, पण अर्धी सकाळ सुटते. दोहो बाजूंना बीच वृक्षांची राने आहेत. वसंतात त्यांची पालवी इतकी कोवळी हिरवी असते, की वाट अडल्याचे दुःख थोडे कमी होते.

नावाचा उलगडा सोपा आहे. ‘स्टोक’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द, अर्थ मूळ गावापासून लांब असलेली वाडी. ‘रो’ म्हणजे ओळ. तेव्हा स्टोक रो म्हणजे घरांची एक ओळ असलेली वाडी. इंग्लंडात स्टोक नावाची गावे जागोजाग आहेत, त्यामुळे प्रत्येकाला दुसरे नाव जोडावे लागते. आपल्याकडे खुर्द आणि बुद्रुक लावून जे भागते तेच काम तिथे ‘ऑन-ट्रेंट’, ‘पोजेस’ आणि ‘रो’ करतात. वाडी असल्यामुळे तिला स्वतःचे असे काहीच नव्हते. चिल्टर्नमधल्या जुन्या धर्मपरगण्यांचा आकार एखाद्या पट्ट्यासारखा लांबट असे: एक टोक थेम्सकाठच्या सुपीक जमिनीत, दुसरे टेकडीवरच्या रानात. खाली शेत, वर लाकूडफाटा आणि गुरांना चरायला माळ, असा तो हिशेब. इप्सडेन, मंगवेल, न्यूनम मरन या परगण्यांच्या पट्ट्यांची वरची टोके जिथे एकत्र आली तिथे स्टोक रो उगवले. परिणाम असा, की एकाच ओळीतल्या शेजाऱ्यांची चर्चे निराळी आणि तीही टेकडी उतरून काही मैलांवर. गावाला स्वतःचे चर्च 1846 साली मिळाले. त्याच्या भिंती चकमकीच्या दगडांच्या आहेत, कारण या भागात नांगर कुठेही घातला तरी पिकाच्या आधी चकमकच हाताला लागते.

पाण्याचे दुर्भिक्ष समजून घ्यायचे तर या टेकड्या कशाच्या आहेत ते पाहावे लागते. चिल्टर्न म्हणजे शेकडो फूट जाडीचा पांढऱ्या खडूच्या दगडाचा थर, वर थोडी चिकणमाती आणि चकमक. या टेकड्यांवर वर्षाला साधारण पुण्याइतका पाऊस पडतो. तो जुलैत एकदम कोसळत नाही, वर्षभर हप्त्याहप्त्याने येतो. इंग्रज माणूस हवेबद्दल जी अखंड तक्रार करतो ती या हप्त्यांची. पण खडूचा दगड टीपकागदाच्या जातीचा. पडलेले पाणी तो गटागटा पितो आणि शेकडो फूट खाली नेऊन ठेवतो. ओढा नाही, झरा नाही. वर चिखल, हवेत धुके, अंगावर ओला कोट आणि घागर कोरडी, अशी गावची अवस्था होती. माणदेशातला शेतकरी निदान आकाशाकडे पाहून तरी पाऊस नाही असे म्हणू शकतो; स्टोक रोच्या शेतकऱ्याला तेवढाही दिलासा नव्हता.

पाणी साठत होते ते विटांसाठी माती काढून सोडून दिलेल्या खड्ड्यांत आणि गुरांच्या डबक्यांत. उन्हाळा लांबला की तेही आटत. मग एका घरात स्वयंपाकाला वापरलेले पाणी दुसऱ्या घरी स्वयंपाकालाच जाई, आणि धुणे पुढच्या पावसावर टाकले जाई. पोशाखाच्या इस्त्रीबद्दल जगाला शिकवण देणाऱ्या राष्ट्राच्या राजधानीपासून एका दिवसाच्या वाटेवर ही परिस्थिती होती, आणि तिची नोंद करणारा माणूस ती हिंदुस्थानात बसून एका राजाला सांगत होता.

त्याचे नाव एडवर्ड अँडर्डन रीड. जन्म 1807. घराणे शेजारच्या इप्सडेनचे. धाकटा भाऊ चार्ल्स रीड पुढे कादंबरीकार म्हणून गाजला. एडवर्ड कंपनी सरकारच्या नोकरीत वायव्य प्रांतात गेला आणि तिथेच चढत गेला. 1857 च्या सप्टेंबरात, आग्र्याचा लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन मरण पावल्यावर, काही दिवस त्या प्रांताचा कारभारही त्याच्याकडे होता. त्याआधी फार वर्षांपूर्वी, 1831 मध्ये, त्याने आझमगढला लोकांसाठी एक विहीर खोदवली होती. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा स्नेह होता. गप्पांच्या ओघात त्याने महाराजांना आपल्या गावाकडची एक हकीकत सांगितली: दुष्काळात घरातले शेवटचे घोटभर पाणी प्यायला म्हणून एका आईने आपल्या पोराला बदडून काढताना त्याने लहानपणी पाहिले होते.

1860 साली रीड निवृत्त होऊन मायदेशी गेला. जाताना आझमगढची विहीर सर्वांना खुली राहावी अशी व्यवस्था करून गेला. साहेब गेला की त्याने लावलेले झाडसुद्धा कोणी पाणी घालून जगवत नाही, हा सार्वत्रिक अनुभव. महाराजांनी मात्र विहीर लक्षात ठेवली आणि मार खाल्लेला तो पोरगाही. दोनएक वर्षांनी त्यांनी रीडला कळवले की आपल्याला इंग्लंडात एक धर्मादाय काम करायचे आहे, आणि ते पाण्याचे असावे. काशीच्या राजाने पुण्य जोडायचे तर गंगाकाठ पायाशी असताना ते थेम्सकाठी का जोडावे, असा प्रश्न दरबारात कोणाला पडला असलाच तर त्याने तो गिळला. स्टोक रोची जागा ठरली.

10 मार्च 1863 रोजी खोदाई सुरू झाली. मराठीच्या हिशेबाने ही विहीर नव्हेच, हा आड. तोंड फक्त 4 फूट रुंद, आणि खोली 368 फूट. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर 280 फुटांचा. तो उलटा करून या आडात सोडता आला, तर त्याचा पाया जमिनीखाली 88 फुटांवर राहील आणि घड्याळात किती वाजले ते कोणालाही कळणार नाही. लंडनच्या ट्रफल्गर चौकातला नेल्सनचा खांब पुतळ्यासकट एकावर एक दोन ठेवले, तरी वर काही फूट मोकळेच. एवढे सगळे हाताने खणले. 4 फुटांच्या रुंदीत एका वेळी एकच माणूस वाकून टिकाव मारू शकतो. त्याने उकरलेला खडू बादलीत भरायचा, बादली वर जायची, आणि वरच्यांनी ती रिकामी करून परत सोडेपर्यंत खालच्याने मान वर करून त्या नाण्याएवढ्या उजेडाकडे बघत बसायचे. वरून एखादा खडा निसटला तर बाजूला सरकायला जागा नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या मंडळींना कोणी शिकवली नव्हती, पण तिचा अर्थ त्यांना रोज एकेक फुटाने कळत होता.

पाणी लागले. आड 24 मे 1864 रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, रीतसर खुला झाला. खोदाईचा खर्च 353 पौंड 13 शिलिंग 7 पेन्स, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेतीन हजार रुपयांच्या जरा वर. हिशेबातले शेवटचे 7 पेन्स विशेष पाहण्यासारखे आहेत. सार्वजनिक बांधकामाचा खर्च पूर्णांकात न येता पेन्सापर्यंत उतरतो, तेव्हा मधे कोणाचा हात नव्हता असे समजायला हरकत नाही.

आडाला कठडा घालून वर पत्रा टाकला असता तरी गावाचे भागले असते. पण दाता राजा होता. आडावर लोखंडी खांबांची गोल छत्री उभी राहिली, तिच्यावर घुमट, घुमटावर सोनेरी कळस. सगळे मिळून 23 फूट उंच. घुमटाच्या कडेने, काशीच्या महाराजांनी ही विहीर दिली, असा मजकूर ठळक अक्षरांत फिरवलेला आहे. रहाटाची लोखंडी यंत्रणा वॉलिंगफर्डच्या वाइल्डर कारखान्याने 40 पौंडांत बनवली आणि तिच्या माथ्यावर एक सोनेरी हत्ती बसवला. हत्तीला यंत्रात काही काम नाही. तो उभा आहे आणि खाली चाके फिरताना पाहतो, एवढेच. प्रत्येक सरकारी योजनेत असा एक जण असतो, पण तो क्वचितच सोन्याने मढवलेला असतो.

आता पाणी काढण्याची रीत. पोहरा 9 गॅलनांचा, सुमारे 41 लिटरचा. भरलेला पोहरा वर यायला 10 मिनिटे लागत. दांडा फिरवायचा, फिरवत राहायचे, दम खायचा, पुन्हा फिरवायचा. तेवढ्या वेळात शेजारणीशी हवेवर बोलून होई, त्यानंतर दुसऱ्या शेजारणीबद्दल पहिलीशी बोलून होई. दहा घरांना एकेक पोहरा म्हटला तरी शेवटच्या घराचा नंबर दीड तासाने. रांगेत उभे राहण्यात इंग्रज माणसाचा हात कोणी धरणार नाही असे म्हणतात. त्या विद्येची एखादी शाखा या आडाच्या काठी भरत असावी. पाणी मात्र फुकट. कोणाकडून छदाम घ्यायचा नाही, ही दात्याची अट होती.

फुकट पाण्याची विहीर चालवायची कशी, हा खरा पेच. आपल्याकडे उद्घाटनाचा नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि चौथ्या वर्षी मोटार जळाली की पुढची निवडणूक येईपर्यंत ती जळकीच राहते. महाराजांनी यावर काशीचा जुना तोडगा वापरला. देवळाला जमीन इनाम लावून देतात, तिच्या उत्पन्नावर दिवाबत्ती आणि पुजारी चालतो; तसे आडाला 4 एकर जमीन घेऊन दिली आणि तिच्यात चेरीची झाडे लावली. चेरी विकून येईल त्या पैशांत आडाच्या राखणदाराचा पगार आणि देखभाल भागवायची. राखणदाराला राहायला शेजारीच एक आठकोनी टुमदार घर बांधले. त्याचाही खर्च चोख नोंदलेला आहे: 74 पौंड 14 शिलिंग 6 पेन्स. बागेचे नाव ठेवले ईश्री बाग. बागेत एक तळे खणले, तेही माशाच्या आकाराचे, कारण महाराजांच्या राजचिन्हात मासा; आणि खोदाईतून निघालेल्या मातीच्या उंचवट्याला ‘प्रभू टीला’ म्हटले. ऑक्सफर्डशरमधला शेतकरी संध्याकाळी घरी जाऊन बायकोला प्रभू टीला हे नाव कसे उच्चारून दाखवत असेल, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. ही इतिहासाची चूकच.

दान देऊन महाराज थांबले नाहीत. दूरच्या गावाशी त्यांनी सोयरीक असल्यासारखे वागणे चालू ठेवले. 1871 मध्ये राजकन्या लुईझचे लग्न झाले तेव्हा त्यांच्या खर्चाने गावात पायवाट झाली. 1882 मध्ये विंडसरला राणीवर गोळी झाडली गेली आणि ती बचावली, तेव्हा साऱ्या गावाला जेवण, वर पाव, चहा आणि साखर. राणीवरचे संकट टळले म्हणून काशीहून स्टोक रोला गावजेवण, हा पाटरांगेचा भूगोल जरा लांबचा आहे, पण जेवणाऱ्यांनी तो फारसा मनावर घेतला नसावा. महाराज 1889 मध्ये निवर्तले. आपला आड त्यांनी कधीच पाहिला नाही.

हिंदुस्थानातून विलायतेला पाणी पाजण्याचा हा उद्योग त्या दशकात एकट्या काशीने केला असे नाही. मुंबईचे पारशी धनिक सर कावसजी जहांगीर यांनी 1869 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये संगमरवर आणि ग्रॅनाइटची उंच पाणपोई बांधून दिली. ती आजही उभी आहे. घराण्याचे आडनाव रेडीमनी, आणि मुंबईत ज्याचे आडनाव रेडीमनी असते त्याच्याकडे पैसे मागायला कोण कोण येते याची कल्पना कोणालाही यावी. विजयनगरमच्या महाराजांनीही लंडनच्या हाइड पार्कमध्ये एक पाणपोई दिली होती. या दानांत राजनिष्ठेचा वाटा होता, आणि राज्यकर्त्यांच्या नजरेत भरण्याचा हिशेबही होता. बागेत फिरायला येणाऱ्या लंडनकरांची तहान काही जिवावरची नव्हती. स्टोक रोची गोष्ट वेगळी. तिथे पाण्यासाठी पोर मार खात होते.

आडाने सत्तरएक वर्षे गावाला पाणी पाजले. मग नळ आले, आणि जगातल्या प्रत्येक विहिरीचे जे होते तेच याचे झाले: लोकांनी आधी पोहरा सोडला, मग रस्ता सोडला. त्याला पुन्हा प्रतिष्ठा आली ती 1961 मध्ये. राणी एलिझाबेथ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर असताना त्या वेळच्या काशीनरेशांनी तिला या आडाची हस्तिदंती प्रतिकृती भेट दिली. आपल्या राज्यातल्या एका खेड्यातली वस्तू राणीला काशीत हस्तिदंतात पाहायला मिळाली. शताब्दीच्या निमित्ताने 8 एप्रिल 1964 रोजी तिचा नवरा, ड्यूक ऑफ एडिंबरा, स्टोक रोला आला. समारंभासाठी काशीहून गंगाजल आणले होते. ते आडाच्या पाण्यात मिसळले. थेम्स जे पाणी वर देऊ शकली नव्हती ते गंगेने बाटलीतून आणून खाली ओतले. आता आड पहिल्या दर्जाची संरक्षित वास्तू आहे आणि एक न्यास त्याची निगा राखतो. घुमट, हत्ती, कळस पुन्हा रंगवून लखलखीत केले आहेत. पोहरा जागेवर आहे, पाणी काढत नाहीत.

गावाचे बाकीचे धंदे थोडक्यात सांगता येतात. मातीच्या विटा पाडत. त्यांच्याच खड्ड्यांचा उल्लेख वर आला आहे. बीचच्या लाकडापासून खुर्च्यांचे पाय, ब्रशांचे दांडे आणि तंबूच्या खुंट्या बनत. खुंट्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे सैन्य. साम्राज्याचे तंबू जगभर ज्या खुंट्यांवर उभे होते त्यांतल्या काही या कोरड्या टेकडीवरून गेल्या.

गुत्ते दोन प्रसिद्ध. चेरी ट्रीचे नाव गावाच्या चेरीप्रेमाला साजेसे आहे. दुसरा क्रुकेड बिलेट, जंगलाच्या कडेला, वाट चुकल्याशिवाय सापडत नाही असा. तो 1642 पासूनचा असल्याचे सांगतात. तिथे गुत्त्यात असतो तसा दारू देण्याचा ओटा नाही. बिअर थेट तळघरातल्या पिंपातून आणून देतात. दरोडेखोर डिक टर्पिन इथे लपत असे आणि मालकाच्या मुलीवर त्याचे मन होते, अशी आख्यायिका आहे. टर्पिन मूळचा एसेक्समधला खाटीक, 1739 मध्ये यॉर्कला फासावर गेला. पण आपल्याकडे जशी प्रत्येक लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, तसा इंग्लंडमधल्या प्रत्येक जुन्या गुत्त्यात टर्पिन एक रात्र राहिला, आणि प्रत्येक ठिकाणी मालकाला मुलगी होती. नव्या काळातली खात्रीची गोष्ट म्हणजे ‘टायटॅनिक’ची नायिका केट विन्स्लेट हिने 1998 मध्ये आपल्या लग्नाची मेजवानी इथे दिली आणि पाहुण्यांना सॉसेज आणि उकडलेल्या बटाट्याचा लगदा वाढला. अख्खे जहाज बुडवून झाल्यावर माणसाला साधे जेवण आवडू लागते.

गावात फिरताना डोक्यावर घारी घिरट्या घालत असतात. लालसर रंगाच्या, दुभंगलेल्या शेपटीच्या या घारी इंग्लंडातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाहीशा झाल्या होत्या. 1989 ते 1994 या काळात स्पेनहून सुमारे 90 पक्षी आणून चिल्टर्नमध्ये सोडले. आज त्यांची संख्या इतकी वाढली आहे, की हिरवळीवर डबा उघडून बसलेल्याच्या हातातले सँडविच तिसऱ्या घासाला वर जाते. मराठी प्रवाशाला हे नवे नाही. घारीने हातातला पदार्थ पळवणे हे त्याने बालपणीच पाहिलेले असते, आणि तो डबा मांडीखाली धरून जेवतो.

आड पाहायला तिकीट नाही. कठड्यापाशी जाऊन खाली डोकावले तर प्रथम स्वतःचे डोके दिसते, मग काहीच दिसत नाही. आड 368 फूट खोल आहे असे पाटी सांगते. हत्ती डोक्यावर उभा असतो, आणि बागेपलीकडच्या रस्त्यावर दोन मोटारी एकमेकींना पुढे जाण्याचा आग्रह करत असतात.